सोसायटी ग्रुप: बी-३०२ च्या पोराचा अर्ज

बी-३०२: नमस्कार मंडळी. पोरानं तीन महिन्यांत चाळीसेक ठिकाणी अर्ज केले, एकाचाही फोन नाही. त्याचं कव्हर लेटर वर टाकलंय. जाणकारांनी बघून सांगा की ओ. सी-विंगचे एकजण "बघतो" म्हणले होते, ते अजून बघालेत.

सी-२०१: नाव घेऊन बोला की. गड्ड्याच्या जत्रेच्या टायमाला म्हणलो होतो, घरी पाहुणे होते.

बी-३०२: गड्डा संपून किती दिवस झाले?

ए-४०१ आजोबा: अर्ज हातानं लिहावा. उजवीकडे तारीख, मध्यभागी विषय. मला गिरणीत नोकरी अशीच लागली, १९७८ ला.

बी-१०३: चार दिवसांनी पाणी आलंय आणि टाकी वाहायलीय. मोटर कोण बंद करणार?

ए-१०४ वहिनी: वाचलं भाऊ. राग मानू नका. पत्र पुण्याच्या ट्रान्सपोर्ट कंपनीला आणि पहिल्याच ओळीत "आपल्या नामांकित बँकेत". मी भरतीचंच काम करते. असं दिसलं की आम्ही तिथंच थांबतो, खालचं कोण वाचत नाही.

सी-२०१: हाहाहा. बँकेत ट्रक लावणार काय बे!

बी-३०२: हसायला काय झालं? तुमची एमएच १३ माझ्या जागेत उभी असते, ते बघा आधी.

ए-४०१ आजोबा: अर्ज हातानं लिहावा. मध्यभागी विषय.

ए-१०४ वहिनी: आजोबा, आता अर्ज मेलनं जातो. पण विषयाचं तुमचं बरोबर आहे, मेलच्या विषयात पदाचं नाव पाहिजेच. आणि "मी मेहनती, प्रामाणिक व जिद्दी आहे" हे सगळेच लिहितात ओ. बाकी नुसता बायोडेटाच उतरवलाय, बारावीच्या टक्क्यांसकट. पोरगा अक्कलकोट रोडला टॉवेल कारखान्यात होता ना? काय करायचा तिथं?

बी-३०२: दोन वर्षं डिस्पॅचला होता.

चिन्या बी-३०२: पप्पा, ग्रुपवर टाकू नका म्हणलो होतो ना.

चेअरमन: हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. कृपया नोंद घ्यावी.

सी-२०१: साहेब, परवा मेव्हण्याच्या शेंगा चटणीच्या ऑर्डरी इथंच घेतल्या की तुम्ही. अर्धा किलो माझीच होती.

बी-१०३: मोटर!!

ए-१०४ वहिनी: चिनू, तूच सांग बरं.

चिन्या बी-३०२: काकू, दोन साईजच्या टॉवेलचे खोके सेम टू सेम दिसायचे, लोडिंगला मिसळायचे. मी खोक्याच्या दोन बाजूंना रंगीत पट्टी चिकटवायला लावली. आधी महिन्याला पाच-सहा तक्रारी यायच्या, नंतर एखादी.

ए-१०४ वहिनी: अरे, मग हे कुठंय पत्रात? सुरुवातच अशी कर: "डिस्पॅच एक्झिक्युटिव्ह या पदासाठी अर्ज करत आहे. टॉवेल कारखान्यात दोन वर्षं डिस्पॅच सांभाळताना चुकीचा माल गेल्याच्या तक्रारी महिन्याला पाच-सहावरून एकवर आणल्या." मग पट्टीचं दोन ओळीत. जाहिरातीत त्यांनी मागितलंय त्यातलं तुला काय येतं ते लिही, जमलं तर त्यांच्याच शब्दांत. हीच कंपनी का, तेही एका ओळीत. पुण्याला राहायची तयारी आहे, कधी रुजू होशील, हे शेवटी. एका पानाच्या वर जाऊ नको. आणि पीडीएफला स्वतःचं नाव दे, "न्यू फायनल ३" नको.

ए-४०१ आजोबा: सही मात्र हातानंच.

सी-२०१: एवढं कशाला? कुणाचं तरी चांगलं पत्र घ्यायचं, नाव बदलायचं, पाठवायचं.

चिन्या बी-३०२: काका, तेच केलो. गड्ड्यात तुम्हीच तुमच्या पोराचं पत्र पाठवलतं, नमुना म्हणून. बँक त्यातलीच आहे.

बी-३०२: म्हणजे चाळीस ठिकाणी बँकच गेली??

ए-१०४ वहिनी: चिनू, रात्री नऊनंतर घरी ये. लॅपटॉप घेऊन ये.

सी-२०१: मी जरा मोटर बंद करून येतो.

बी-१०३: मोटर मघाशीच बंद केली मी.