कॉम्प्युटर सायन्सची चार वर्षं कशी आखावीत? अनुभवी लोकांनो, लिहा

राजवाडाकर
भाचीला यंदा इंदुरात कॉम्प्युटर सायन्स मिळालं. तिने आठही सेमच्या (सेमिस्टरच्या) स्कीमचा, म्हणजे विषय आणि क्रेडिटच्या यादीचा, कागद व्हॉट्सॲपवर पाठवला आणि जुनं सगळं आठवलं. पोरं पाचव्या सेमला इलेक्टिव्ह (आपल्या आवडीचे विषय) निवडायला बसतात, तेव्हा कळतं की पायाचा विषय दुसऱ्याच सेमला कच्चा राहिलाय. म्हणून हा धागा.

हिशेब आधी. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात बीटेकला १६० क्रेडिट आहेत, म्हणजे सेमला सरासरी २०. आठवड्याला लेक्चरचा एक तास म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला मात्र दोन तासांचं एक. कॉलेजप्रमाणे आकडे थोडे हलतात, म्हणून आपल्याच बॅचची स्कीम छापून घ्या. सीनियरची वापरू नका. मध्ये स्कीम बदलली असेल तर विषयाचा कोडही बदलतो आणि बॅकचा (नापास विषयाच्या फेरपरीक्षेचा) फॉर्म भरताना घोळ होतो.

लष्करची_ताई
कुकर लावलाय, घाईत लिहितेय. कोणता विषय कशावर उभा आहे ते बघा.

सी भाषेतले पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारे) आले नाहीत तर लिंक्ड लिस्ट आणि ट्री येत नाहीत. ते नाही तर अल्गोरिदम नाही. डिजिटल लॉजिकवर कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन आणि त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस). पेजिंगला (मेमरीची पानं पाडायला) पोरं अडतात ती ओएसमुळे नव्हे, कॅशे (छोटी जलद मेमरी) आणि ॲड्रेसचे बिट मोजायचे राहिलेले असतात म्हणून. ऑटोमेटा झाल्याशिवाय कंपायलरला हात लावू नका. कंपायलरमधल्या लेक्सरच्या (कोडचे शब्द पाडणारा भाग) मागे फायनाइट ऑटोमेटा, पार्सरच्या (त्यांची रचना तपासणारा भाग) मागे कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर.

आणि डिस्क्रीट मॅथ्स! सगळे त्याला "पास झालो की बस" म्हणतात. अल्गोरिदममधलं रिकरन्स, डेटाबेसमधलं रिलेशनल अल्जेब्रा, ऑटोमेटामधलं इंडक्शन, तिन्ही तिथूनच येतात. भाचीला सांगा, पहिल्या वर्षात जीव ओतायचा तर गणितात ओत.

सुदामानगर
ताई, लाख बोललात. कुकरच्या शिट्ट्या मोजा पण 😄

दांडियाबाजार_बडोदा
एसजीपीएचं (एका सेमच्या सरासरी ग्रेडचं) गणित कोणी नीट सांगत नाही. क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. २० क्रेडिटच्या सेममध्ये ४ क्रेडिटचा एक विषय ८ वरून ५ वर घसरला तर १२ पॉइंट गेले, एसजीपीए ०.६ ने खाली. १ क्रेडिटची लॅब ८ वरून १० केली तर मिळतात फक्त ०.१. लॅबच्या फाइलला रंगीत पेन लावत बसण्यापेक्षा ४ क्रेडिटच्या पेपरला रात्री द्या.

नवीन_पालक
लॅपटॉप कोणता घ्यावा? दुकानदार गेमिंगचाच गळ्यात मारतोय.

सुदामानगर
१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, एवढं बघा. ग्राफिक्स कार्ड पहिल्या दोन वर्षांत लागत नाही. रॅम पुढे वाढवता येते का ते विचारूनच घ्या, कित्येक पातळ मॉडेलमध्ये ती बोर्डावरच पक्की असते. आणि लिनक्स टाकायला लावा.

नवीन_पालक
धन्यवाद दादा. सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत) भेटलात तर गराडू (तळलेला कंद) माझ्याकडून.

सुदामानगर
गराडू थंडीत! आत्ता भुट्ट्याचा कीस चालेल.

ग्वाल्हेर_किल्ला
एनपीटीईएलवाल्यांसाठी (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स). १२ आठवड्यांच्या कोर्सला असाइनमेंटचे २५ गुण, त्यात १२ पैकी चांगल्या ८ धरतात. परीक्षा ७५ ची, केंद्रावर जाऊन. सर्टिफिकेटला २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला घातलं असं नाही. परीक्षेचा फॉर्म आणि फी वेगळी.

मोठा घोळ पुढेच होतो. आधी कोर्स करतात, मग डिपार्टमेंटला विचारतात, आणि तोच विषय स्कीममध्ये आहे म्हणून क्रेडिट मिळत नाही. सेम सुरू होताच लेखी मंजुरी घ्या. परीक्षेची तारीख तुमच्या एंड-सेमवर येतेय का तेही तेव्हाच बघा.

दांडियाबाजार_बडोदा
नावाचं बघा हो कोणीतरी. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा होतात त्याचं, खातं आधारवरून उघडतं. इकडे गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आपल्या आधारवर वडिलांचं नाव मध्ये. जुळलं नाही तर क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. प्रवेशाच्या आठवड्यातच दुरुस्तीला द्या.

लष्करची_ताई
आमच्या गल्लीत निम्म्यांची आडनावं "राव" लावून आहेत, त्यांचे हाल विचारू नका 🙏

डिप्लोमावाला
लॅटरल एन्ट्रीबद्दल (डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश) कुणी लिहीत नाही. आम्ही थेट तिसऱ्या सेमला येतो आणि समोर डिस्क्रीट आणि डेटा स्ट्रक्चर एकत्र. सुट्टीतच मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू, पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि सी उरकून घ्या. कोडिंग डिप्लोमात झालेलं असतं, अडतं ते गणितात.

राजवाडाकर
छान मुद्दा. ऑनर्स (आपल्याच शाखेत जास्तीचे विषय) किंवा मायनरचं (दुसऱ्या शाखेतले) पण लिहितो. त्याला नेहमीच्या क्रेडिटखेरीज आणखी १८ ते २० लागतात. चौथ्या सेमपासून धरले तर दर सेमला साधारण चार. सातव्याला सुरू केलं तर प्रोजेक्ट, प्लेसमेंट आणि हे, तिन्ही अंगावर येतात.

ग्वाल्हेर_किल्ला
गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) तिसऱ्या वर्षात देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणून पहिला प्रयत्न तेव्हाच करा. १०० पैकी १५ गुण ॲप्टिट्यूडचे, १३ गणिताचे, डिस्क्रीट त्यातच. एक गुणाचं एमसीक्यू चुकलं की एक तृतीयांश कापतात, दोन गुणांचं चुकलं की दोन तृतीयांश. उत्तराचा आकडा स्वतः भरायचा असतो तिथे काही कापत नाहीत, तिथे मोकळं सोडू नका.

नवीन_पालक
धाकटी बीसीए (कॉम्प्युटरची पदवी) म्हणतेय. पुढे अडेल का?

लष्करची_ताई
नाही काकू. २०२०-२१ पासून एमसीए (त्यापुढची पदव्युत्तर पदवी) दोनच वर्षांचं आहे. फक्त बारावीला गणित सोडू देऊ नका, कित्येक ठिकाणी प्रवेशाच्या अटीत ते बघतात. आणि बीसीएत डेटा स्ट्रक्चर, ओएस, डेटाबेस, नेटवर्क हे चार विषय पक्के करून घ्या, एमसीएच्या मुलाखतीपासून नोकरीपर्यंत तेच विचारतात.