मदत हवी आहे : जळगावात एमआयडीसीकडे बसून जेवायचं हॉटेल, दर जमेल का?

नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीत डाळमिल आणि चटईच्या कारखान्यांतले कामगार राहतात. खायला म्हणाल तर वडापाव-भजीच्या गाड्या, तेही उभ्याने. बायकांनी, म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे? म्हणून वहिनी आणि मी मिळून गाळा घेतलाय. सहा टेबलं, पंखे, हात धुवायला बेसिन, बस्स.

शेवभाजी, दोन भाकरी, कांदा, ठेचा असं ताट ९० रुपयांत द्यायचंय. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. अडतंय ते भाकरीवर! ज्वारी-उडदाची भाकरी हातानेच थापावी लागते. दुपारी एकच्या गर्दीत एक बाई किती थापणार? मी स्वतः करून पाहिली, तिसरीलाच कडा फाटली.

दुसरं, रस्सा पुन्हा मागितला तर पैसे घ्यावेत का? आपल्याकडे कोणी देत नाही, हे मलाही माहीत आहे. पण १९ किलोचा सिलिंडर किती दिवस पुरेल याचा अंदाज येईना.

शेव आधी घातली तर गाळ होतो, म्हणून वाढताना घालतो. बरोबर ना?

धुळे-भुसावळकडे कोणी खानावळ चालवत असेल तर भाऊ, ताई, खरे आकडे सांगा.