मदत हवी आहे: चालू प्लांट ४० टक्क्यांवर कसा आणावा?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका सॉल्व्हंट (द्रावक रसायनांच्या) प्लांटवर शिफ्ट इनचार्ज आहे. मागणी घटल्यामुळे उत्पादन ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय.

खरी अडचण डिस्टिलेशन कॉलमची, म्हणजे द्रव उकळून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या उभ्या टॉवरची. आतले ट्रे सीव्हचे, म्हणजे चाळणीसारख्या भोकांचे आहेत. वर जाणारी वाफ कमी झाली की भोकांतून द्रव खाली गळतो आणि मालाची शुद्धता जाते. गेल्या आठवड्यात ६० टक्क्यांखाली येताच हेच झालं. रिफ्लक्स (वरून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) आणि रिबॉयलरची (तळाचा द्रव उकळणाऱ्या भागाची) स्टीम वाढवल्यावर कॉलम सावरला, पण किलोमागे स्टीम भलतीच लागते.

दुसरा मार्ग म्हणजे महिन्यातले १२ दिवस पूर्ण लोडवर चालवायचं, बाकी बंद. याची मला धास्ती वाटते. तापणं-थंड होणं वाढलं की फ्लँजचे (पाइपांच्या जोडांचे) गॅस्केट गळू लागतात, आणि प्लांट सुरू-बंद करतानाच धोका जास्त असतो. शिवाय ईटीपीतले (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतले) जिवाणू १८ दिवस उपाशी राहिले तर पुन्हा आलेलं सांडपाणी झेपणार कसं? खालच्या बाजूला लोकांच्या विहिरी आहेत, तिथे चूक चालणार नाही.

कुणी ट्रेची काही भोकं बंद करून कॉलम कमी लोडवर चालवलाय का? साधारण किती भोकं बंद केलीत, आणि ती कडेची की सगळीकडची? बंद काळात ईटीपीला गूळ-युरिया देऊन भागतं का? पावसाळ्याआधी शटडाऊन आहे, कॉलम तेव्हाच उघडता येईल. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी जरूर सांगा.