पावणेआठचा सूर्यास्त, सव्वाआठचा चहा (आपला फॅमिली ग्रुप)

पिंकीताई: 📷📷📷📷 गुड मॉर्निंग सगळ्यांना. इकडं आत्ता संध्याकाळचे पावणेआठ वाजलेत, लाँग वीकेंड आहे म्हणून हील्ड्सबर्गला आलोय, सॅन फ्रान्सिस्कोच्या वर गाडीनं दीडेक तास, एवढंसं गाव पण चारी बाजूंनी निस्ते द्राक्षाचे मळे

आत्या: अग्गोबाई काय कलर आहे आभाळाचा 😍 फिल्टर लावलास का

पिंकीताई: नाही ओ आत्या, तस्साच आहे

मोठी आई: पावणेआठला दिवस मावळायलाय? घड्याळ बिघडलं का काय तुमचं

दादा: मोठी आई ते लोक मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढं करतात अन् नोव्हेंबरमध्ये परत मागं घेतात. शिवाय आपलं धाराशिव १८ अंशावर अन् ते गाव ३८ च्या वर, त्यामुळं उन्हाळ्यात दिवस लांब. जूनमध्ये तर साडेआठच्या पुढं मावळतो

पिंकीताई: हो आणि सूर्य तिरका तिरका खाली जातो म्हणून अंधार पण सावकाश पडतो. आपल्याकडं दिवेलागणीला देवापाशी दिवा लावून बाहेर येईपर्यंत काळोख होतो ना, इथं तसं नाही. गावाच्या मधोमध प्लाझा म्हणून चौक आहे, तिथं रेडवूडची उंच झाडं, आत्ता खाली बाकड्यावर बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही पण झाडाच्या शेंड्यावर अजून तांबडं ऊन आहे, आणि पश्चिमेचे डोंगर आधी जांभळे मग शाईसारखे निळे, मी आइस्क्रीम खायचं विसरले ते हातावर वितळलं 😄

दाजी: आइस्क्रीमच का? वाईनच्या गावात जाऊन 😜

मोठी आई: जावईबापू, ग्रुपवर माळकरी माणसं हायेत

दाजी: सॉरी मोठी आई 🙏

बापूकाका: पिंके तिसरा फोटो झूम करून बघितला, ओळी चांगल्या धरल्यात पण पान लई धुळकट दिसायलंय, पाऊस न्हाई का तिकडं

पिंकीताई: काका जून ते सप्टेंबर जवळपास पडतच नाही. इकडचा पाऊस हिवाळ्यात

बापूकाका: म्हणजे घड पिकायच्या टायमाला कोरडं!! मग डाऊनी बुरशीचं टेन्शनच न्हाई. अन् आपण इथं ऑक्टोबर छाटणी घेतली की आभाळाकडं बघत फवारा मारत बसायचं, एखाद्या साली फुलोऱ्यात पाऊस आला की झालं कल्याण

पिंकीताई: भुरीची बुरशी येते म्हणे ह्यांच्याकडं, त्यासाठी गंधक मारतात

बापूकाका: भुरी कुणाला सोडत न्हाई

आत्या: अहो भाऊजी ती सूर्यास्त दाखवायली अन् तुम्ही भुरी 🤦‍♀️ पिंकी रात्रीचं काय, गावात फिरायला आहे का काही

पिंकीताई: जेवायची हॉटेलं भारी आहेत पण बिलं बघून पोट भरतं. दुकानं लवकर बंद. नऊनंतर सामसूम, आणि गारठा असा की दुपारी ३२ होतं त्याच गावात आता स्वेटर. डोंगरापलीकडं पॅसिफिक समुद्र आहे, त्याचं पाणी थंडगार, रात्री त्याच्यावरनं धुकं रशियन रिव्हर नावाच्या नदीच्या खोऱ्यातनं आत शिरतं, पहाटे दहा-बारा डिग्रीवर येतं म्हणे आणि सकाळी दहापर्यंत धुकं गायब

बापूकाका: हां, आता खरी गोष्ट सांगितलीस. सूर्यास्त काय आपल्या बालाघाटात पण चांगला असतो, ह्यांची कमाई ह्या गार रात्रीत आहे. दिवसाच्या उन्हानं साखर भरती, पण रात्र गरम राहिली की आंबटपणा उडून जातो, अन् वाईनच्या मालाला आंबट-गोड दोन्ही लागतं. आपला खायचा माल १८ ब्रिक्स गोडीला तोडला तरी गिऱ्हाईक खूश, ह्यांना २४ च्या आसपास लागतं, एवढ्या गोडीत आंबट टिकवायचं म्हणजे रात्र गारच पाहिजे

दादा: काका फॉर्मात 🔥

पिंकीताई: अगदी बरोबर काका, आणि ऐका, इथं तोडणी पण रात्री चालते! एक-दोन वाजता सुरू करतात, ट्रॅक्टरवर मोठे लाईट, मजुरांच्या डोक्याला बॅटरी, गेल्या वर्षी हॉटेलच्या खिडकीतनं बघितलं होतं, आख्खा डोंगरउतार काळा आणि मधल्या चार ओळीच दिवसासारख्या उजेडात. माल थंड असतो म्हणून फुटत नाही आणि वाटेत आंबायला लागत नाही

बापूकाका: आपण पण एक्स्पोर्टचा माल पहाटे उजाडल्यापासून ऊन चढायच्या आत तोडतोच की, गरम मणी पेटीत गेला की संपलं. पण रात्री दोनला माणसं येतात? रोज काय देतात त्यांना

पिंकीताई: ते नाही विचारलं. बहुतेक जण मेक्सिकोकडचे असतात

बापूकाका: विचार. फोटो सगळेच काढतात

दादा: म्हणजे प्लाझावर लोक ग्लास घेऊन बसलेले असताना तिकडं मळ्यात तोडणीची पाळी चालू व्हायची तयारी

पिंकीताई: हो ना, टुरिस्ट झोपले की गाव कामाला लागतं. आणि ह्या दिवसांत आगीची पण धास्ती असते, २०१९ ला किंकेड नावाची आग लागली तेव्हा पूर्ण गाव रिकामं केलं होतं

मोठी आई: बाई गं. तू लवकर घरी जा मग

आत्या: पिंकी महालक्ष्म्यांना व्हिडिओ कॉल कर हं, मुखवटे नवीन आणलेत

पिंकीताई: करते आत्या नक्की

बापूकाका: पिंके ती डोक्याला बांधायची बॅटरी दिसली का दुकानात? आपल्याकडं ह्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री दहा ते सहा आहे, एका हातात बॅटरी अन् एका हातात काठी धरून पाण्याचा वाल फिरवता येत न्हाई, परवा बांधावर घोणस होती. डिसेंबरात येताना दोन घेऊन ये, चार्जिंगवाल्या, सेलच्या नको