प्रत्यक्ष लढाई कशी लढतात, हे समजावणारी पुस्तकं सुचवा

कारगिलवर मराठी-इंग्रजीत हाताला लागलं ते बरंच वाचून झालंय. शौर्यकथांनी अंगावर काटा येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुस्तक मिटल्यावर द्रासजवळच्या तोलोलिंग शिखरावरचा हल्ला नेमका झाला कसा, हे काही मला सांगता येत नाही. मे १९९९ अखेरीचे हल्ले चढावरच अडले आणि १३ जूनला २ राजपुताना रायफल्सनी तोच डोंगर घेतला. मधल्या पंधरवड्यात बदललं काय? 'जवानांनी जिवाची बाजी लावली' हे उत्तर पुरत नाही. बाजी आधीच्यांनीही लावलीच होती की.

हा किडा डोक्यात शिरला तो जेवताना. माझे मामा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, देवळाली कॅम्पातच राहतात. तिथे फायरिंग असलं की खिडक्यांची तावदानं थरथरतात. माझ्या मुलीने विचारलं, "आजोबा, तोफा मागे आणि सैनिक पुढे, मग आपलाच गोळा आपल्याला लागत नाही का?" मामांनी ताटातल्या भाताचा डोंगर केला, माथ्यावर लोणच्याची फोड ठेवली, हा बंकर. चटणीतले शेंगदाणे वेचून पायथ्याशी लावले, हे पायदळ. "हे चढतायत तोवर फोडीवर सारखा मारा. सगळे मरतील म्हणून नाही, कुणी डोकं वर काढू नये म्हणून. पोरं जवळ पोचली की मारा उचलायचा आणि पलीकडच्या उतारावर टाकायचा. लवकर उचललास तर वरचा सावरून मशिनगन धरतो. उशीर केलास तर..." पुढचं न बोलता त्यांनी फोड तोंडात टाकली. वर हेही सांगितलं की त्या उंचीवर हवा विरळ, गोळा लांब जातो, सपाटीवरचं गणित जसंच्या तसं चालत नाही.

पाच मिनिटांत मला दहा पुस्तकांपेक्षा जास्त कळलं. असं लिहिलेलं कुठे मिळेल?

आधी वाचलेलं सांगतो, म्हणजे तेच परत नको. जनरल वेदप्रकाश मलिक यांचं कारगिलवरचं पुस्तक आणि सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल. दोन्ही उत्तम, पण एकात सरसेनापतींच्या टेबलावरून दिसलेलं युद्ध आहे आणि दुसऱ्यात आपण गाफील का राहिलो त्याची चौकशी. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं 'डोमेल ते कारगिल' आवडलं, पण त्याचा पल्ला १९४७ पासूनचा. मला एक कंपनी, एक रात्र, एक टेकडी हवी आहे.

शस्त्रांचे कॅटलॉग नकोत. रणगाड्याच्या चिलखताची जाडी पाठ करून झाली, उपयोग शून्य. युक्रेनमधले ड्रोनचे व्हिडिओही बघतो. रणगाडा पेटलेला दिसतो, पण त्याच्यासोबतचं पायदळ कुठे होतं, तो उघड्यावर एकटा का आला, हे त्या अर्ध्या मिनिटात कळत नाही.

प्रतिसाद १
जॉन कीगन यांचं 'द फेस ऑफ बॅटल' (१९७६) घ्या. अ‍ॅजिनकोर्ट, वॉटर्लू आणि सोम, तीनच लढाया. हा माणूस सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत शिकवायचा, आणि आपण स्वतः लढाई पाहिलेली नाही हे सुरुवातीलाच कबूल करतो. म्हणूनच बहुधा तुमच्या मुलीसारखे प्रश्न विचारतो. तुमचा मारा उचलण्याचा मुद्दा सोमच्या प्रकरणात भेटेल: १ जुलै १९१६ ला ब्रिटिश मारा पुढे सरकला, पायदळ मागे राहिलं आणि जर्मन मशिनगनवाले खंदकातून वर आले.

त्यानंतर स्टीफन बिडल यांचं 'मिलिटरी पॉवर' (२००४). आडोसा, पांगून पुढे सरकणं, तोफांनी दबवून ठेवणं, हे सगळं एकत्र का लागतं ते १९१८, १९४४ आणि १९९१ च्या उदाहरणांनी मांडलंय. मधे गणित येतं, ती पानं खुशाल उलटा. रणगाडा एकटा का मरतो याचं उत्तर इथे आहे.

धागाकर्ता
आभार! कीगन आजच मागवतो. मामांना तोलोलिंगचा प्रश्न विचारला. म्हणाले, "तोफा येऊन पोचल्या आणि पोरांना तयारीला वेळ मिळाला. आणखी काय हवं?" बोफोर्सनी द्रासला समोर दिसणाऱ्या बंकरांवर थेट नेम धरून मारा केला, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्या तोफांवर काम केलेल्या कुणी मराठीत आठवणी लिहिल्या असतील, अगदी दिवाळी अंकातल्या चार पानी लेखापुरत्या, तरी अंकाचं नाव आणि साल कळवा. जुने अंक शोधायची माझी तयारी आहे.