अमेरिकी स्मारक डॉलर: संग्रह की नुसती चांदी?

एडिसनकर:
बाबांनी १९८६पासून अमेरिकी टाकसाळीकडून चांदीचे स्मारक डॉलर मागवले. मखमली डब्या, प्रमाणपत्रं, सगळं जपून. "नातवंडांना कामी येतील," म्हणायचे. गेल्या महिन्यात मी ती पेटी इथल्या एका नाण्यांच्या दुकानात नेली. दुकानदाराने प्रमाणपत्रं बाजूला सारली, नाणी तोलली आणि चांदीचा भाव सांगितला.

माझं मत पक्कं झालंय: ही नाणी गुंतवणूक म्हणून घेऊ नयेत. १९८६चा स्वातंत्र्यदेवतेचा डॉलर नुसता प्रूफच (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेला) ६४ लाख नगांवर विकला गेला. ज्याला हवा होता त्याने तेव्हाच घेतला, आता गिऱ्हाईक कुठून आणायचं? वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. वर दिली ती घडणावळ. दागिन्याची घडणावळ मोडीत मिळत नाही, तशीच हीही नाही.

टाकसाळकर:
साफ असहमत. एका ढिगावरून सगळ्यांना मोडीत काढू नका. २००१चा बफेलो डॉलर बघा. ५ लाख नगांची मर्यादा काही आठवड्यांत संपली आणि आजही तो चांदीच्या भावाच्या वर विकला जातो.

एडिसनकर:
पण ५ लाख म्हणजे काही दुर्मिळ नव्हे! तो चालला कारण त्यावर शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझरचं १९१३च्या निकेलवरचं (पाच सेंटच्या नाण्यावरचं) चित्र आहे. स्मारक नाण्यांकडे कधी न फिरकलेल्यांनीही तो घेतला. मर्यादित संख्येचा टाकसाळ एवढा गाजावाजा करते, त्याचा इथे काय संबंध?

टाकसाळकर:
संबंध आहे. अटलांटा ऑलिम्पिकसाठी १९९५-९६मध्ये चांदीच्या डॉलरचे ८ नमुने काढले. लोक कंटाळले, खरेदी बसली. (त्याच १९९६मध्ये कायदा झाला: १९९९पासून वर्षाला दोनच विषयांवर स्मारक नाणी.) १९९६चा पॅरालिम्पिकचा डॉलर प्रूफमध्ये ८४,२८० नग गेला, पण डेन्व्हरच्या टाकसाळीतला साधा, प्रूफ नसलेला फक्त १४,४९७. तेव्हा कोणी घेतला नाही म्हणून आज तोच शोधतात. तुमच्या पेटीत असेल तर तोलून देऊ नका, आधी नाण्यावरचं टाकसाळीचं अक्षर बघा. 'डी' हवं.

आत्याची भाची:
भावाच्या पलीकडचं थोडं बोलू का? २००९चा लुई ब्रेल डॉलर ४ लाख काढायची परवानगी होती, तेवढा खपला नाही. बाजार त्याला फार विचारत नाही. पण माझी आत्या जन्मांध आहे. पुण्याला गेले तेव्हा तिच्या हातात ठेवला. मागच्या बाजूवर बोट फिरवून तिने ब्रेल लिपीतली 'बी-आर-एल' अक्षरं वाचली, आणि मग नाणं परत द्यायलाच तयार नव्हती. शिवाय प्रत्येक नाण्यामागचे १० डॉलर अंधांच्या राष्ट्रीय महासंघाला ब्रेल शिकवण्यासाठी ठरलेले होते. तुम्ही दोघं ज्याला घडणावळ म्हणता त्यात हेही आहे.

एडिसनकर:
ताई, हे मान्य. पण बाबांनी ती नातवंडांची पुंजी म्हणून साठवली होती, आणि टाकसाळीची जाहिरात वाचून आजही कोणीतरी तसंच साठवत असेल. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

टाकसाळकर, पेटी अजून विकलेली नाही. आत्ता उघडून पाहिली. १९९६चा पॅरालिम्पिकचा डॉलर आहे, प्रूफ. अक्षर 'पी'.

टाकसाळकर:
म्हणजे फिलाडेल्फियाचा, त्या ८४ हजारांतला. त्याला तरी चांदीचाच भाव धरा. ऑलिम्पिकची बाकीची नाणीही एकेक करून बघा, घाई करू नका.