सॅमी बॉला विसरू नका

अमेरिकन फुटबॉलमधे एका प्लेअरचं एकच काम असतं असं म्हणतात, हे आजचं बरोबर आहे पण पूर्वी असं नव्हतं, एकच प्लेअर बरीच कामं करायचा, आणि त्यात माझा सगळ्यात आवडता सॅमी बॉ. टेक्ससचा पोरगा, टायरला दोरी बांधून झुलत्या टायरमधून बॉल फेकायची प्रॅक्टिस करायचा. 1937 मधे NFL या अमेरिकेतल्या मोठ्या लीगमधल्या वॉशिंग्टनच्या टीमकडे आला आणि पहिल्याच सीझनला टीम चॅम्पियन!

पण खरी कमाल 1943 ची. पासिंगमधे म्हणजे आपल्या प्लेअरकडे बॉल फेकण्यात लीगमधे पहिला, पंटिंगमधे म्हणजे बॉल हातातून सोडून लांब किक मारण्यात पहिला, आणि डिफेन्सला उभा राहून समोरच्याचे पास पकडण्यातही पहिला, 11 इंटरसेप्शन. डेट्रॉइटविरुद्धच्या एकाच मॅचमधे 4 टचडाउन पास (म्हणजे ज्यावर थेट स्कोअर होतो असे पास) टाकले आणि त्यांचेच 4 पास पकडले, मला तर हे आजही वाचताना काटा येतो. 1940 ची त्याची पंटची सरासरी 51.4 यार्ड, तो रेकॉर्ड थेट 2022 मधे मोडला.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, 1945 च्या फायनलला त्याचा पास स्वतःच्याच गोलपोस्टला लागला, तेव्हाच्या नियमाने समोरच्यांना 2 पॉइंट मिळाले आणि वॉशिंग्टन 15-14 ने हरलं. नंतर तो नियमच बदलला.